एपीएमसी ते अलिबाग: ओहोटीपासून उलटं मोजत

अलिबागला गाडीने जायचं ठरलं की बहुतेक जण आधी अंतर बघतात. तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटपासून ते साधारण 85 किलोमीटर भरतं. पण एवढ्या आकड्यावर बेत आखता येत नाही. हेच 85 किलोमीटर पहाटे सव्वादोन-अडीच तासांत होतात आणि शनिवारी सकाळी दहाला निघालात तर चार तासही खातात. जवळच्या गावाला जाताना अंतर कोणालाच अडवत नाही. अडवतात त्या दोन-चार जागा आणि तिथे पोहोचण्याची वेळ. म्हणून मी हा बेत नेहमी शेवटाकडून सुरू करते. तिथे पोहोचल्यावर काय बघायचंय, ते किती वाजता बघता येतं हे आधी ठरवायचं आणि मग एकेक टप्पा मागे मोजत घरच्या दारापर्यंत यायचं.

अलिबागला ही पद्धत फारच उपयोगी पडते, कारण तिथलं मुख्य आकर्षण समुद्राच्या वेळेने चालतं. कुलाबा किल्ला किनाऱ्यापासून थोडा आत, पाण्यात आहे. ओहोटीला वाळूतून आणि खडकांतून चालत जाता येतं, भरतीला चारही बाजूंनी पाणी. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, 1680 मध्ये, त्याचं बांधकाम सुरू झालं, संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत ते पुरं झालं, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ते मुख्य ठाणं होतं. तटाचे प्रचंड चिरे चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच जिरतो. हे जवळून, हात लावून बघण्यासारखं आहे, आणि त्यासाठी ओहोटी गाठायलाच हवी.

ओहोटी केव्हा, हे घरच्या दिनदर्शिकेवरून काढता येतं. आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हिशेब असा: त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करा, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. त्यात सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटं मिळवली की ओहोटीचा तळ येतो, म्हणजे सकाळी सव्वानऊ. पक्ष शुद्ध असो की वद्य, गणित तेच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना पंधरा धरायचे. यामागचं कारण चंद्रात आहे. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, भरतीही त्याच्यामागून तेवढीच सरकते, आणि पाऊण तास हा त्या सरकण्याचा तोंडी हिशेबाला सोपा जाणारा आकडा. उत्तरात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. म्हणून तिथीवरून दिवस निवडायचा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या तक्त्यात मुंबई किंवा अलिबागची नेमकी वेळ बघून घ्यायची.

आता एक बारकावा, जो फिरायला येणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. प्रत्येक ओहोटी सारखी नसते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. भरती खूप चढते आणि ओहोटीला पाणी तितकंच लांब मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी. अष्टमीला ओहोटीचा तळ दुपारी बाराच्या सुमाराला येतो. कागदावर ही वेळ सहलीला सोयीची दिसते, पण भांगामुळे वाटेत पाणी राहू शकतं. उलट पौर्णिमेला वाट छान मोकळी होते, पण तळ पहाटे पाच-साडेपाचला आणि संध्याकाळी तेवढ्यालाच. मला सगळ्यांत जमून आलेल्या वाटतात त्या तृतीया, चतुर्थी आणि पंचमी. उधाणाचा जोर अजून शिल्लक असतो आणि तळ सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान येतो. शनिवार-रविवारी यांतली तिथी पडली की तो दिवस सोडू नये.

पाणी परत कसं येतं हेही समजून घ्यायला हवं, कारण किल्ल्यात अडकणारी माणसं इथेच फसतात. भरती एकाच वेगाने चढत नाही. सहा तासांत जेवढं पाणी चढायचं, त्याचा बारावा हिस्सा पहिल्या तासात, दोन हिस्से दुसऱ्या तासात, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी तीन-तीन हिस्से. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. पहिल्या तासात फारसा फरक दिसत नाही, माणूस निर्धास्त होतो, आणि मग वाट भराभर बुडते. तळाच्या आधी तासभर किल्ल्यात शिरावं आणि तळानंतर तासाभरात किनाऱ्यावर परतावं. किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये. त्या दिवसाचं पाणी ते रोजच्या सवयीने ओळखतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना तर हा बेतच करू नये.

समजा चतुर्थी आहे आणि तळ सव्वानऊला आहे. सव्वाआठला किनाऱ्यावर उभं राहायचं तर गाडी लावणं आणि चहा धरून आठला अलिबाग गाठायला हवं. अडीच तास मागे गेलं की साडेपाच. निघायची वेळ अशी हाती आली, आणि इथेच बाजाराचं घड्याळ मध्ये येतं.

सहलीला निघणारे बरेच जण एपीएमसीपाशी भेटायचं ठरवतात, आणि ते सोयीचंही आहे. हार्बर मार्गावरून येणाऱ्याला सानपाडा जवळ, ठाण्याहून येणाऱ्याला तुर्भे. पण साडेपाच ही इथे शांत पहाट नसते. भायखळ्याचा भाजीबाजार आणि क्रॉफर्ड मार्केटचा घाऊक फळबाजार 1996 मध्ये इथे हलले. कांदा-बटाटा, मसाला आणि धान्य धरून पाच बाजार आज शेजारी-शेजारी नांदतात, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. भाजीचे ट्रक संध्याकाळपासून रात्रभर येत राहतात. मध्यरात्रीनंतर माल उतरतो, गाळ्यांवर सौदे होतात, माथाडी कामगारांची सगळ्यांत घाईची वेळ तीच. पहाटे चारनंतर किरकोळ विक्रेत्यांचे टेम्पो माल भरून बाहेर पडायला लागतात. मुंबई, ठाणे, पनवेलची त्या दिवसाची भाजी याच टेम्पोंतून जाते, तेव्हा रस्त्यावरचा पहिला हक्क त्यांचा आहे असं मी मानते. मार्च ते मे हापूसच्या पेट्यांची आवक जोरात असते आणि फळबाजाराच्या बाजूचे रस्तेही तुंबतात.

यावर उपाय सोपा आहे. भेटायची जागा बाजाराच्या दारात ठेवू नका. अरेंजा कॉर्नरला किंवा सानपाडा स्टेशनाच्या बाजूला भेटा. बाजाराच्या आतल्या रस्त्यांवर गाडी घालूच नका. वाटेत खायला फळं हवी असतील तर ती आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. हवा, पाणी, इंधन यांचंही तसंच. सीएनजीची गाडी असेल तर टाकी रात्रीच भरून घ्यावी, कारण सकाळच्या रांगेत गेलेला अर्धा तास किल्ल्यातल्या वेळेतून वजा होतो.

बाहेर पडायला दोन वाटा आहेत. एक सानपाड्याकडून सरळ सायन-पनवेल महामार्ग: नेरुळ, बेलापूर, खारघर, कामोठे, कळंबोली. दुसरी पाम बीच रस्त्याने बेलापूरच्या किल्ला जंक्शनपर्यंत, तिथून आम्र मार्गाने गव्हाण फाटा, आणि मग जेएनपीटीचा महामार्ग धरून थेट पळस्पे. पहाटे साडेपाचला मी पहिली वाट घेईन, कारण ती सरळ आहे. कळंबोलीला मात्र लक्ष हवं. सायन-पनवेल, मुंब्र्याकडून येणारा रस्ता, जेएनपीटीचा रस्ता आणि पुण्याचा द्रुतगती मार्ग असे चौघे तिथे एकत्र येतात. पाट्या नीट न वाचता वेगात पुढे गेलं की गाडी द्रुतगती मार्गावर चढते, आणि मग परत फिरायची सोय लांबच मिळते. आपल्याला पनवेलवरून जुन्या पुणे रस्त्याने पळस्प्याला जायचंय. उजाडल्यावर, विशेषतः शनिवारी आठनंतर, कळंबोलीचा विचार सोडून गव्हाण फाट्याची वाट धरावी. अंतर थोडं वाढलं तरी पनवेल शहर टळतं. या वाटेवर कंटेनरचे ट्रेलर भरपूर असतात. त्यांच्या डाव्या बाजूने घुसून पुढे जायचा मोह टाळावा, चालकाला ती बाजू नीट दिसत नाही.

पळस्पे फाटा हा या प्रवासाचा खरा दरवाजा. मुंबई-गोवा महामार्ग इथून फुटतो. अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाल्यापासून दक्षिण मुंबईकर शिवडीहून समुद्रावरून चिर्ल्याला उतरतात आणि पळस्प्याला याच रस्त्याला येऊन मिळतात. जुन्या लोकांच्या तोंडी गोव्याचा हा महामार्ग अजून सतरा नंबरच आहे, पाटीवर 66 दिसेल. पळस्पे ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा रुंद करायचं काम 2011 मध्ये सुरू झालं आणि त्याच्या रखडण्याने कोकणातल्या माणसाची किती वर्षं रस्त्यात गेली, हे गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. आपल्या वाट्याला त्यातला वडखळपर्यंतचा भाग येतो. पावसाळ्यात त्यासाठी अर्धा तास जास्त धरा.

पळस्पे ते पेण साधारण 30 किलोमीटर, पाऊण तास. वाटेत कर्नाळ्याचा सुळका दिसतो आणि रस्ता अभयारण्याच्या झाडीतून वळणं घेत जातो. तिथे वेग कमी ठेवावा आणि माकडांना खायला घालू नये. खारपाड्याला पाताळगंगा ओलांडली की पेण तालुका. हमरापूर, जोहे, तांबडशेत ही गणेशमूर्तींची गावं याच पट्ट्यात आहेत. घरोघरी कारखाने, आणि गणेश चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यांत मूर्ती नेणाऱ्या टेम्पोंची रीघ. त्या दिवसांत किल्ल्याचा बेत बाजूला ठेवून फक्त इथवर यावं आणि आखणीचं काम बघत बसावं असं मला मनापासून वाटतं. मूर्तीचे डोळे रेखाटणारा हात एकदा तरी जवळून बघायला हवा.

पेणनंतर सात-आठ किलोमीटरवर वडखळ. गोव्याचा रस्ता इथे वेगळा होतो आणि आपण उजवीकडे अलिबागला वळतो. पुढे धरमतरच्या खाडीवरचा पूल, मग पोयनाड, पेझारी, कार्ले खिंड आणि अलिबाग: 22-23 किलोमीटर, पण बराचसा रस्ता अरुंद आणि गावांमधून जाणारा, म्हणून पाऊण तास धरायचा. पोयनाडजवळच चरी हे गाव आहे. खोतांच्या जाचाविरुद्ध इथल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 मध्ये संप पुकारला आणि 1939 पर्यंत जमिनी पडीक ठेवल्या. सहा वर्षं पीक न घेता, मोलमजुरी करून, लाकूडफाटा विकून ही गावं टिकली. शेतमालाच्या एवढ्या मोठ्या बाजारातून निघून या रस्त्याने जाताना हे माहीत असावं, असं मला वाटतं.

किल्ला पाहून सव्वादहापर्यंत किनाऱ्यावर आलात की उरलेला दिवस मोकळा. गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे. समुद्राजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईच्या कुलाब्यात विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथली निरीक्षणं बिघडतील हे ओळखून 1904 मध्ये ती इथे आणली गेली. जेवण लवकर, साडेबाराच्या आत उरकावं, कारण एकनंतर खानावळींतल्या रांगा वाढत जातात.

परतीची वेळही अशीच उलटी मोजायची. रविवारी संध्याकाळी मुरूड, रेवदंडा, नागाव, किहीम इकडून निघालेल्या सगळ्या गाड्या वडखळला एकत्र येतात आणि गोव्याकडून परतणाऱ्यांना मिळतात. तीनच्या आत वडखळ ओलांडायचं तर दोनला अलिबाग सोडायला हवं. ते जमणार नसेल तर घाई न करता रात्रीचं जेवण तिथेच घ्या आणि नऊनंतर निघा. मात्र तेव्हा पनवेलपासून पुढे तुर्भ्याकडे निघालेले भाजीचे ट्रक सोबतीला असतील.

कार्ले खिंडीच्या आसपास उन्हाळ्यात पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि कार्ले, खंडाळे, नेहुली ही त्याची गावं. भाताचं पीक निघाल्यावर त्याच जमिनीत तो लावतात. चवीला गोडसर, तिखटपणा कमी, कच्चा खायला उत्तम. घेताना माळेतला एखादा कांदा मानेपाशी दाबून बघावा: मान सुकलेली आणि कांदा घट्ट असेल तर टिकेल, मऊ लागला तर लवकर सडेल. शेतकऱ्याच्या अंगणातून मिळाला तर तिथूनच घ्या आणि भावाची फार घासाघीस करू नका. ती माळ विणायला पुष्कळ वेळ लागतो. गाडीत ती वर, हवेशीर ठेवा, आणि घरी पोहोचताच खुंटीला टांगा.