फसफसत्या गोळ्याची साडेतीन दशकं

बाथबॉम्ब मराठी घरांत आला तो मोबाइलच्या पडद्यावरून. २०१५-१६च्या सुमारास निळे-गुलाबी गोळे टबात सोडून त्यांचे व्हिडिओ काढायची लाट आली. मग ज्यांच्या न्हाणीघरात टब तर सोडाच, बादली ठेवल्यावर पाय हलवायलाही जागा उरत नाही, अशा घरांतल्या मुलीही ‘आई, हे आपण करूया ना’ म्हणू लागल्या. तोवर या गोळ्याने पंचविशी ओलांडली होती.

१९८९ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल गावात मो कॉन्स्टंटाइन यांनी घराच्या बागेतल्या शेडमध्ये पहिला गोळा केला. बाजारातल्या फेसाळ द्रवांचा त्यांच्या नाजूक त्वचेला त्रास व्हायचा. अल्का-सेल्ट्झरची गोळी पेल्यात फसफसते, तर तशीच एखादी आंघोळीच्या पाण्यात का फसफसू नये, एवढाच विचार होता. त्या आणि त्यांचे पती मार्क यांचा ‘कॉस्मेटिक्स टू गो’ हा टपालाने माल विकायचा धंदा १९९४ साली बुडाला. पुढच्याच वर्षी त्याच मंडळींनी ‘लश’ काढलं आणि गोळा त्या दुकानांची ओळख होऊन बसला.

रसायन मात्र त्याहून कितीतरी जुनं. अल्का-सेल्ट्झर १९३१चं, इनोचं फ्रूट सॉल्ट तर एकोणिसाव्या शतकातलं. आपल्याकडे इनोच्या पुडीवर स्वर्जिक्षार, निंबुकाम्लम् अशी भारदस्त नावं छापलेली असतात. ती म्हणजे खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड. कोरडे असेपर्यंत दोघं एका डब्यात गुण्यागोविंदाने नांदतात; पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मागे सोडियम सायट्रेट उरतं. इनो घातलेला ढोकळा फुगतो तो याच वायूने. गंमत म्हणजे ही क्रिया उष्णता देत नाही, ओढून घेते.

खरी गोम वेगळीच आहे. या क्रियेतून पुन्हा पाणीच तयार होतं. म्हणजे मिश्रणात चुकून पडलेला एक थेंब स्वतःपुरता थांबत नाही, पुढच्या कणांनाही उठवतो. घरगुती बाथबॉम्बचा गेल्या साडेतीन दशकांचा इतिहास हा बव्हंशी या एका थेंबाशी चाललेला झगडा आहे.

सुरुवातीच्या बहुतेक कृतींमध्ये गुलाबपाणी शिंपडायला सांगितलेलं असे. ऐकायला छान, नैसर्गिक वगैरे; पण शेवटी ते पाणीच. परातीतच फसफस सुरू व्हायची आणि गोळ्याला रात्रीतून मोड यायचे. हळूहळू बायका शहाण्या झाल्या. दोन वाट्या सोड्याला एक वाटी सायट्रिक ॲसिड, अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर, चमचा-दोन चमचे खोबरेल, आणि ओलाव्यासाठी पाण्याऐवजी चटकन उडून जाणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही फवाऱ्याने. मुठीत आवळल्यावर लाडूसारखं वळून राहिलं की थांबायचं. परदेशातले दोन फाकांचे गोल साचे इथे मिळत नसत, तेव्हा मोदकाचे साचे कामी आले, आणि माझ्या मते मोदकच अधिक देखणे दिसतात. फक्त तो साचा मग पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दाने या काळात बरीच दिशाभूल केली. सायट्रिक ॲसिडला दुकानात लिंबाचं सत्त्व म्हणतात, त्यामुळे ते लिंबातूनच येतं असा समज. शेले या रसायनज्ञाने १७८४ साली ते लिंबाच्या रसातूनच वेगळं केलं होतं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इटलीतल्या लिंबांवर त्याचा मोठा बाजार चालायचा. पण १९१७ साली जेम्स करी यांनी अ‍ॅस्परजिलस नायजर ही बुरशी साखरेपासून हे आम्ल बनवते हे दाखवून दिलं आणि लिंबाची गरजच संपली. कांद्याच्या सालीखाली काळी भुकटी दिसते ना, त्याच कुळातली ही बुरशी. त्यात वाईट काही नाही. पण पाकिटावर लिंबाचं चित्र काढणं जरा अतीच.

रंगांनीही अशीच परीक्षा घेतली. हळद सोड्याच्या सान्निध्यात ओली झाली की तांबूस होते; हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातलीच ही खोड. बिटाची पूड सुरेख दिसते आणि काही आठवड्यांत विटते. गोकर्णाच्या फुलांची पूड आम्लाशेजारी जांभळी-गुलाबी, सोड्याशेजारी निळी, त्यामुळे एकाच गोळ्यावर ठिपके उमटतात. मला ते आवडतात. विकणाऱ्यांना आवडत नाहीत. चकाकीसाठी घालायचं अभ्रक तर अस्सल खनिज, पण झारखंड-बिहारच्या अभ्रक खाणींतल्या बालमजुरीच्या बातम्या गाजल्या आणि खुद्द लशनेच गेल्या दशकात ते सोडून कारखान्यात बनवलेलं अभ्रक वापरायला घेतलं.

सुगंधी तेलांचं तेच. दालचिनीचं तेल अस्सल असलं तरी कातडीवर जळजळतं. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं आणि अंगाला जसंच्या तसं लागतं. गोळ्यात चार-सहा थेंबांपुढे जाऊच नये. शिवाय खोबरेलाने फरशी निसरडी होते, याचा उल्लेख कृती सांगणारे क्वचितच करतात.

२०२०च्या टाळेबंदीत घरोघरी वेळ होता, पण अल्कोहोल सॅनिटायझरकडे वळलेलं. तरीही त्याच सुमारास साबण, मेणबत्त्यांच्या जोडीला हा उद्योग घरगुती विक्रेत्यांच्या यादीत आला. टब नसल्याची अडचण त्यांनी आपल्या परीने सोडवली. गोळा लहान केला, एप्सम सॉल्ट वाढवलं आणि तो घमेल्यात पाय बुडवून बसायला विकला. काहींनी निलगिरी आणि पुदिन्याच्या अर्काच्या टिकल्या केल्या, न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवायच्या. गरम पाण्याचे शिंतोडे उडाले की वास दरवळतो. दिवाळीच्या खोक्यात आता उटण्याशेजारी या टिकल्या दिसतात. हंगामही सोयीचा, कारण पाऊस ओसरून हवा कोरडी व्हायला लागलेली असते. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर या कामाला हात न लावलेलाच बरा. लावायचाच असेल तर गोळा साच्यातून निघाल्यावर दिवसभर पंख्याखाली ठेवून लगेच प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळावा, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी.