शोधनिबंधांचे भांडार आणि सीमाभागातील विद्यार्थी

बीदर शहरात महमूद गावान याच्या मदरशाची भग्न वास्तू आजही उभी आहे. १४७२ च्या सुमारास बांधलेल्या या विद्यालयाच्या ग्रंथालयात ३,००० हस्तलिखिते होती असे सांगतात. १६९६ मध्ये झालेल्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग ढासळला. त्या काळी विद्येचा शोध घेणाऱ्याला ग्रंथ जेथे असतील तेथे प्रवास करून जावे लागे. आता हुलसूर, बसवकल्याण, भालकी या भागातील तरुण कलबुर्गीच्या किंवा अन्य विद्यापीठात प्रवेश घेतो आणि संगणकासमोर बसतो, तेव्हा हजारो नियतकालिकांचे दार त्याच्यापुढे उघडते. हे दार म्हणजे नेमके काय, हे पाळक व धर्मशिक्षकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे. कारण पुष्कळ घरांत मुलाच्या अभ्यासाविषयी सल्ला त्यांनाच विचारला जातो.

सामान्य शोधयंत्र वृत्त, जाहिरात व मतप्रदर्शन सर्व एकाच पंक्तीत बसविते. शोधनिबंधांच्या भांडारात मुख्यत्वे विद्वानांच्या नियतकालिकांतील लेखच असतात, व त्यांपैकी बहुतेक प्रसिद्धीपूर्वी त्या विषयाच्या जाणकारांनी तपासलेले असतात. ‘जेस्टोर’ हे यांतील सर्वपरिचित नाव. ग्रंथालयांच्या फळ्या जुन्या अंकांनी भरून गेल्या, तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन यांना ते अंक संगणकावर साठविण्याची कल्पना सुचली. १९९५ मध्ये ही स्वतंत्र संस्था झाली. आरंभी इतिहास व अर्थशास्त्राची दहाच नियतकालिके तीत होती. छापील पानांचे चित्र घेऊन त्यातील अक्षरे संगणकास ओळखावयास लावल्याने शंभर वर्षांपूर्वीच्या लेखातील एखादा शब्दही क्षणात सापडतो.

आता शब्दांची अडचण. घरात मराठी, कचेरीत कन्नड, निजामकालीन दप्तरात उर्दू, आणि भांडारात इंग्रजी, अशी सीमाभागातील विद्यार्थ्याची स्थिती असते. देवनागरीत ‘हुलसूर’ असे लिहून या परदेशी भांडारांत शोधल्यास फारसे काही हाती लागत नाही. रोमन लिपीतही हे नाव कोणी दोन ‘ओ’ घालून लिहितो, कोणी एका ‘यू’ने. बसवकल्याण जुन्या लेखांत ‘कल्याणी’ म्हणून येते. २०१४ पर्यंत कलबुर्गीचे अधिकृत नाव गुलबर्गा होते. १९५६ पूर्वीचा बीदर जिल्हा हैदराबाद संस्थान वा राज्य या शीर्षकाखालीच शोधावा लागतो. ज्याला ही नावे ठाऊक नाहीत तो ‘आमच्या भागावर कोणी लिहिलेच नाही’ असे समजून परततो. या कामी गावातील वयोवृद्ध माणसे, ज्यांना जुनी नावे मुखोद्गत आहेत, ग्रंथपालाइतकीच उपयोगी पडतात.

प्रवेशाचा प्रश्न याहून कठीण. या भांडारांची वर्गणी भारी असते, ती संस्था भरते, विद्यार्थी नव्हे. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राने २०१० पासून ‘एन-लिस्ट’द्वारे महाविद्यालयांना काही साहित्य उपलब्ध केले. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक व सुमारे १३,००० नियतकालिके असा तिचा व्याप आहे. तथापि ही योजना शासकीय संस्थांसाठी आखलेली आहे. खासगी महाविद्यालये व धर्मविद्यालये तिच्या पहिल्या टप्प्यात समाविष्ट नाहीत. शिवाय पदवी मिळून विद्यार्थी बाहेर पडला की परवलीचा शब्दही बहुधा निकामी होतो. आपल्याच तालुक्यातील देवळे, शेती वा बोली यांवरील निबंध शिकागोत वाचता यावा आणि हुलसुरात येऊ नये, ही व्यवस्था आम्हांस न्याय्य वाटत नाही.

तरीही उघडी दारे बरीच आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर उभ्या राहिलेल्या ‘शोधगंगा’त मराठी व कन्नड प्रबंधही विनामूल्य वाचता येतात. २००३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे सुरू झालेल्या ‘डोआज’ या सूचीत केवळ मुक्त नियतकालिकेच असतात. जेस्टोरने २०११ मध्ये अमेरिकेतील १९२३ पूर्वीचे व अन्यत्रचे १८७० पूर्वीचे लेख सर्वांस खुले केले. धर्मशास्त्रासाठी ‘अटला’ हे भांडार विशेष. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ग्रंथपालांच्या मंडळाचे ते कार्य. त्यात पवित्र शास्त्रातील अध्याय देऊन त्यावरील लेख शोधण्याची सोय आहे. उपदेशाची तयारी करणाऱ्यास तिचे मोल सांगावयास नको, मात्र त्यासाठी वर्गणीदार ग्रंथालय गाठावे लागते.

नवखे विद्यार्थी आरंभीचा सारांश वाचून निबंध वाचल्याचे समाधान मानतात. सारांशात निष्कर्ष असतो, पुरावा क्वचितच. पैसे घेऊन न तपासता काहीही छापणारी नियतकालिकेही निघाली आहेत. तेव्हा नाव भारदस्त दिसले तरी संपादक कोण व लेख कोण तपासतो, हे आधी पाहावे.

पदवीच्या अखेरच्या वर्षी विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासास लागणारे निबंध नियमांच्या मर्यादेत उतरवून घ्यावेत, व प्रत्येकावर लेखक, नियतकालिक, वर्ष आणि पृष्ठे टिपून ठेवावीत. एखादा निबंध कोठेच मिळत नसेल तर थेट लेखकास पत्र लिहावे. बहुतेक नियतकालिके निबंधाबद्दल लेखकास मोबदला देत नाहीत. आपले कोणी वाचू इच्छितो याचाच त्यास आनंद असतो, आणि पुष्कळदा तो प्रत पाठवून देतो.