जोडीचा हिशेब

ॲक्वेरियमच्या दुकानात माशाचा भाव विचारला की उत्तर बहुतेक वेळा जोडीत मिळतं. गप्पीची जोडी, एंजलची जोडी, टायगर बार्बची जोडी. मग नवी टाकी घ्यायला आलेलं कुटुंब दोन गोल्ड, दोन एंजल, दोन टायगर, दोन शार्क आणि काच साफ ठेवायला एक सकर अशी खरेदी करून दीड फुटी टाकी भरून टाकतं. घरी आल्यावर दिवाणखाना उजळतो, पाहुणे कौतुक करतात. या यादीतली एकही जात मात्र दीड फुटी टाकीत आयुष्य काढू शकत नाही, आणि एकमेकांच्या सोबतीने तर मुळीच नाही.

कारण दुकानात मासा दिसतो तो त्याच्या बालपणात. दीड इंचाचा गोल्डफिश पुढे सहा-आठ इंचांचा होतो. ‘शार्क’ म्हणून विकला जातो तो शार्क नव्हेच. तो आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांमधला पंगस मासा. मोकळ्या पाण्यात तो चार फुटांपर्यंत जातो. हॉटेलात बासा म्हणून ताटात येणारा तुकडाही बहुधा याचाच असतो. सकर एक ते दीड फुटाचा होतो, आणि मोठा झाला की शेवाळापेक्षा त्याला माशांसाठी टाकलेलं खाणं अधिक आवडू लागतं. एंजल शेपटीपर्यंत सहा इंच लांब आणि पंख धरून त्याहून उंच होतो, म्हणजे एक फूट उंचीच्या टाकीत त्याला पंख पसरायचीही पंचाईत.

यावर दुकानदाराचं ठरलेलं उत्तर असतं: ‘काळजी नको, टाकीच्या मापानेच वाढतो मासा.’ हे अर्धसत्य फार घातक आहे. लहान टाकीत मासा खुरटतो हे खरं, पण ते घाण साचलेल्या पाण्यामुळे आणि सततच्या ताणामुळे. दहा-पंधरा वर्षं जगू शकणारा गोल्डफिश दोन वर्षांत जातो तेव्हा तो टाकीच्या मापाने वाढला असं कुणी म्हणू नये. आठ सोनेरी आणि एक काळा अशा नऊ गोल्डफिशची टाकी ईशान्येला ठेवली की भरभराट होते, असं वास्तू आणि फेंगशुईचे सल्लागार सांगतात. भरभराटीचं माहीत नाही, पण हे नऊ मासे नीट वाढवायचे तर साडेतीनशे-चारशे लिटर पाणी लागेल, म्हणजे पाच फुटांची टाकी.

दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर सुमारे 42 लिटर पाणी मावतं. तळाशी दीड इंच खडी आणि वर दीड इंच मोकळी जागा सोडली की उरतं 32 लिटर. आपले मासे या 32 लिटरमध्ये राहणार आहेत. ‘एका गॅलनला एक इंच मासा’ हा अमेरिकी छंदिष्टांचा जुना नियम इथे लावला तर आठ इंच मासे बसतात. हा नियम एक इंचाच्या आसपासच्या सडपातळ माशांपुरता ठीक आहे. त्यापुढे तो फसतो, कारण लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होतं. आठ इंचांचा एक ऑस्कर मासा हा एक इंचाच्या आठ माशांएवढा नसतो. तशाच बांध्याच्या एक इंची माशाच्या 512 पट असतो. खाणार तेवढं, घाण करणारही तेवढी.

आणि खरा प्रश्न घाणीचाच आहे. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साचतो. खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिले दोन पदार्थ विषारी, तिसरा बराच सौम्य. पण हे जीवाणू नव्या टाकीत आयते नसतात. त्यांची वसाहत उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. रविवारी टाकी आणली, संध्याकाळी अकरा मासे सोडले आणि पुढच्या रविवारपर्यंत निम्मे उताणे तरंगले, हा अनेक घरांतला प्रकार बहुधा अमोनियाचा असतो. दोष जातो ‘दुकानातून आजारी मासे दिले’ याला. मासे येण्याआधी टाकी फिल्टरसह चालू ठेवावी, रोज चिमूटभर खाणं टाकून जीवाणूंना अमोनिया मिळू द्यावा, आणि मग मासेही एकदम न आणता दोन-तीन हप्त्यांत आणावेत. साध्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की पहिला हप्ता.

परदेशी पुस्तकांतल्या मासेसंख्येतून आपल्याकडे थोडी वजाबाकी करावी लागते. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो; 30 अंशांना साडेसातच. उलट गरम पाण्यात माशाची प्राणवायूची गरज वाढते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात त्यात वीज गेली, पंप थांबला, की खचाखच भरलेली टाकी काही तासांत माशांना पृष्ठभागावर तोंडं उघडायला लावते. जिथे वीज बेभरवशाची, तिथे कागदावर बसणाऱ्या माशांतले एक-तृतीयांश वगळावेत असं माझं मत आहे.

यानंतर नळाचं बघायचं. मुंबईला तलावांतून येणारं पाणी हलकं असतं. दख्खनच्या पठारावरच्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी क्षारांचं, जड. गप्पी आणि प्लॅटी यांना जड पाणी मानवतं. निऑन टेट्रा हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, हलक्या आणि किंचित आम्ल पाण्यातला. शिवाय त्याला 26 अंशांपुढचा उन्हाळा सोसत नाही. बोअरच्या पाण्यात सामू अनेकदा आठाच्या आसपास असतो आणि तिथे अमोनियाही जास्त मारक ठरतो: सामू सातवरून आठवर गेला की त्याचं विषारी रूप जवळपास दसपट होतं. पाण्याचे गुण बदलत बसण्यापेक्षा पाण्याला साजेसा मासा आणणं स्वस्त पडतं. काही जण कौतुकाने आरओचं पाणी भरतात, त्यात तर माशाला लागणारे क्षारही उरत नाहीत. नगरपालिकेचं पाणी असेल तर क्लोरीन मारणारे थेंब टाकल्याशिवाय ते टाकीत जाऊ नये.

आता जोडीकडे वळू. टायगर बार्ब हा टोळीने राहणारा मासा. आठ-दहा असले की त्यांची मारामारी आपापसांत वाटली जाते. दोनच ठेवले की जबरदस्त असतो तो दुसऱ्याला छळतो, आणि शेजारी एंजल किंवा गुरामी असेल तर त्याचे लांब, दोऱ्यासारखे पंख कुरतडतो. निऑन, झेब्रा, कोरी हेही असेच; जोडीने ठेवले तर भेदरून कोपऱ्यात बसतात आणि रंग उतरतो. याउलट फायटर नर. दोन एकत्र म्हणजे रक्तपात, आणि लांब शेपटीचा गप्पीही त्याला प्रतिस्पर्धी वाटू शकतो. गप्पीची नर-मादी जोडी घ्याल तर वेगळंच संकट. मादी साधारण महिन्याला वीस-तीस, कधी त्याहून जास्त पिल्लं देते आणि नर काढून घेतला तरी साठवलेल्या बीजावर काही महिने देत राहते. डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरी-हौदांत जो मासा सोडतात, तो वाढण्यात मागे कसा राहील? भांडखोरपणा नसला तरी तोंडाचं माप बघावं लागतं. एंजल आणि निऑन दोघंही ॲमेझॉनचे, म्हणून एकत्र विकले जातात. पण वाढलेल्या एंजलच्या तोंडात निऑन सहज मावतो आणि एका सकाळी मोजणी चुकते.

म्हणून छोट्या टाकीत जाती कमी आणि एकेका जातीचे मासे जास्त. बोअरच्या पाण्याची दीड फुटी टाकी असेल तर सहा-आठ गप्पी, सगळे नर. विविधता हवी तर त्यांच्या शेपट्यांतच भरपूर मिळते. हलक्या पाण्यात आठ एम्बर टेट्रा आणि एक हनी गुरामी. हा गुरामी आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. 1822 मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. तो पृष्ठभागावरची हवा घेऊ शकतो, त्यामुळे उन्हाळा त्याला तुलनेने सोपा जातो. एकटा फायटर हाही उत्तम पर्याय आहे, फक्त वाडग्यात नव्हे, या पूर्ण टाकीत.

दोन फुटी टाकी असेल तर मी आठ झेब्रा सुचवेन, आणि तळाला सहा ब्राँझ कोरी. झेब्राचीही नोंद हॅमिल्टन यांच्या त्याच ग्रंथातली, कोसी नदीवरून. जगभरच्या प्रयोगशाळा त्याला साधारण साडेअठ्ठावीस अंशांवर वाढवतात, म्हणजे आपल्या खोलीचं तापमान त्याच्या सवयीचं. हा सतत धावणारा मासा आहे. दीड फुटात त्याला धाव मिळत नाही. स्वस्तात मिळणाऱ्या या माशाकडे लोक ‘साधा’ म्हणून बघत नाहीत आणि महागड्या पंखवाल्यांकडे वळतात, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

रंगीबेरंगी ‘काचमासे’ दिसले तर हात आखडता घ्यावा. पारदर्शक ग्लासफिशच्या अंगात सुईने रंग भरून ते विकले जातात. रंग काही महिन्यांत ओसरतो आणि तोवर मासाही बरेचदा आजारी पडतो.

टाकी जास्त भरली आहे का, हे नायट्रेट सांगतं. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलूनही किटवर आकडा 40 च्या वर जात असेल तर खाणं कमी करा. तरीही जात असेल तर मासे कमी करा. आणि कमी करायचे मासे ओढ्यात, तलावात सोडायचे नाहीत. घराघरांतून सुटलेला सकर आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळींपासून आंध्रातल्या मत्स्यतळ्यांपर्यंत पसरला आहे. त्याचे काटेरी पर मच्छीमारांची जाळी फाडतात आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. वाढलेला मासा दुकानदाराकडे परत द्यावा. बरेच जण तो फुकट का होईना घेतात. काचेवरच्या शेवाळासाठी सकरची गरजही नसते. दिवा रोज सहा-सात तासांवर लावू नये, टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये, आणि उरलेलं शेवाळ जुन्या एटीएम कार्डाने खरवडलं की निघतं.