अर्जुनी मोरगाव ते मंत्रालय: राजकुमार बडोलेंची पंधरा वर्षे

2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला अर्जुनी मोरगाव हा विधानसभा मतदारसंघ आकाराला आला आणि तो अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. इटियाडोह धरण, नवेगावबांधचा तलाव, महाशिवरात्रीला गजबजणारे प्रतापगड, मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या भरवशावर होणारी धानाची रोवणी आणि हिवाळ्यात रात्ररात्र रंगणारी झाडीपट्टीची नाटके, असा हा मुलूख. 2009 मध्ये इथून भाजपचे राजकुमार बडोले निवडून आले. अभियंत्याची नोकरी सोडून त्यांनी राजकारणात उडी घेतली होती.

2014 मध्ये ते पुन्हा जिंकले आणि डिसेंबरात देवेंद्र फडणवीस यांच्या मंत्रिमंडळात सामाजिक न्याय खात्याचे कॅबिनेट मंत्री झाले. गोंदियाचे पालकमंत्रिपदही त्यांच्याकडेच आले.

या कारकिर्दीतले सर्वांत गाजलेले काम लंडनमधले. 10, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 च्या सुमारास लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना राहिले होते. ते विकत घेण्याची चर्चा आधीच्या सरकारच्या काळातच सुरू झाली होती. सुमारे 31 लाख पौंडांचा व्यवहार तडीस गेला तो 2015 मध्ये, बडोले मंत्री असताना. त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्‌घाटन झाले. पुढे निवासी घराचे संग्रहालय करायला तिथल्या कॅम्डेन कौन्सिलने हरकत घेतली. चौकशी होऊन ब्रिटिश सरकारची परवानगी मिळेपर्यंत मार्च 2020 उजाडला. तोवर बडोले मंत्रीही नव्हते आणि आमदारही.

लंडनच्या घराचे फोटो देशभर छापून आले. गावाकडच्या पोरांच्या हाती मात्र पडली ती स्वाधार योजना. बारावीनंतर अर्जुनीचा मुलगा नागपूरला जातो, वसतिगृहाच्या यादीत नाव लागत नाही आणि भाड्याची खोली नि मेसचा डबा परवडत नाही म्हणून शिक्षण सुटते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या अशा विद्यार्थ्यांच्या खात्यात थेट पैसे जमा करण्याची ही योजना 2016-17 पासून सुरू झाली. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी वर्षाला 60 हजार, इतर महापालिका क्षेत्रांत 51 हजार आणि उरलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार रुपये. हप्ते रखडल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या. त्या खऱ्याच होत्या. तरीही बडोलेंच्या काळातले मोलाचे काम निवडायचे, तर स्मारकाच्या आधी या योजनेचे नाव घ्यावे लागेल.

त्याच खात्याने त्यांना अडचणीतही आणले. सप्टेंबर 2017 मध्ये परदेशी शिष्यवृत्तीच्या यादीत खुद्द मंत्र्यांच्या मुलीचे नाव आले आणि टीकेची झोड उठली. अखेर तिने शिष्यवृत्ती नाकारली. वंचितांच्या शिक्षणाचे खाते सांभाळणाऱ्याच्या घरात अशी शिष्यवृत्ती यावी, हे लोकांना खटकले आणि ते खटकणे रास्तच होते.

जून 2019 मध्ये मंत्रिमंडळाच्या विस्तारात त्यांचे मंत्रिपद गेले. चार महिन्यांनी निवडणूक झाली आणि राष्ट्रवादीच्या मनोहर चंद्रिकापुरे यांनी त्यांना 718 मतांनी हरवले. एखाद-दोन गावे फिरली असती, तर निकाल उलटा लागला असता.

पाच वर्षांत राज्याचे राजकारण पार बदलले. राष्ट्रवादी फुटली, अजित पवारांचा गट भाजपसोबत आला आणि जागावाटपात अर्जुनी मोरगाव त्या गटाकडे गेले. ऑक्टोबर 2024 मध्ये बडोलेंनी भाजप सोडून अजित पवारांचा हात धरला. विद्यमान आमदार चंद्रिकापुरे यांचे तिकीट कापले गेले. राष्ट्रवादीच्या ज्या घड्याळ चिन्हाने 2019 मध्ये पाडले, त्याच घड्याळावर लढून बडोलेंनी काँग्रेसच्या दिलीप बन्सोड यांना सोळा हजारांहून अधिक मतांनी हरवले.

आता ते तिसऱ्यांदा आमदार आहेत. मतदार त्यांच्याकडे नेहमीचेच हिशेब मागणार: खरेदी केंद्रावर धानाचा काटा वेळेत होतो का, चुकारे आणि बोनस खात्यात कधी पडतात, गाळाने भरलेले मामा तलाव कधी उपसले जाणार. शिकायला बाहेर पडलेली पोरे विचारतील ते स्वाधारच्या थकलेल्या हप्त्याबद्दल, आणि ही योजना ज्यांच्या काळात सुरू झाली त्यांनाच तो प्रश्न विचारण्याचा त्यांना पुरेपूर हक्क आहे.