प्राथमिक स्तरावरील अपूर्णांकांचे अध्यापन : बोलीतील ‘पाव’ आणि पुस्तकातील ‘एक छेद चार’

प्रास्ताविक :

पूर्णांकांच्या चार मूलभूत क्रिया बऱ्यापैकी आत्मसात केलेला विद्यार्थी इयत्ता चौथी-पाचवीत अपूर्णांकांपाशी येऊन अडखळतो आणि तेथून पुढे गणित हा विषय त्याच्या दृष्टीने ‘समजण्याचा’ न राहता ‘पाठ करण्याचा’ होतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. या अडखळण्याचे परिणाम दूरगामी असतात. अमेरिका व ब्रिटन येथील विद्यार्थ्यांच्या दीर्घकालीन माहितीच्या आधारे सीगलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की दहाव्या वर्षीचे अपूर्णांक व भागाकार यांचे ज्ञान हे माध्यमिक स्तरावरील बीजगणितातील यशाचे विशेष निदर्शक ठरते. कौटुंबिक उत्पन्न, सामान्य बुद्धिमत्ता इत्यादी घटक विचारात घेऊनही हा संबंध टिकून राहतो. वाणिज्य शाखेच्या वर्गात शेकडेवारी व गुणोत्तर शिकविताना महाविद्यालयीन प्राध्यापकाला जी अडचण जाणवते, तिचे मूळ अनेकदा आठ-दहा वर्षे मागे, प्राथमिक शाळेच्या फळ्यावर असते. प्रस्तुत लेखात या अडचणीचे स्वरूप आणि तिच्यावर मात करण्यासाठी मराठी भाषा व व्यवहार यांतून मिळणारी साधने यांचा विचार केला आहे.

अडचणीचे स्वरूप :

अमेरिकेत १९७८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक मूल्यमापनात तेरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांना १२/१३ + ७/८ या बेरजेचे केवळ अंदाजे उत्तर विचारण्यात आले होते. १, २, १९ व २१ असे पर्याय दिलेले होते. दोन्ही संख्या जवळजवळ एक आहेत, म्हणून बेरीज सुमारे दोन, एवढेच लक्षात येणे पुरेसे होते. तरीही केवळ २४ टक्के विद्यार्थ्यांनी बरोबर पर्याय निवडला. अर्ध्याहून अधिक विद्यार्थ्यांनी १९ किंवा २१ हे उत्तर दिले, म्हणजे अंशांची अथवा छेदांची बेरीज केली. अपूर्णांक ही एक संख्या आहे, तिला संख्यारेषेवर एक निश्चित स्थान आहे, हेच त्यांच्या लेखी नव्हते. त्यांना दिसत होत्या त्या एका आडव्या रेषेने विलग केलेल्या दोन पूर्ण संख्या.

१/२ + १/३ = २/५ ही चूक आपल्याकडील प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली आहे. ती निष्काळजीपणाची मानून लाल शाईने खोडणे सोपे असते. परंतु ती चूक निराधार नाही. एक भाकरी दोन मुलांत वाटली आणि दुसरी भाकरी तीन मुलांत वाटली. आता दोन्ही गट एकत्र केले तर दोन भाकरी पाच मुलांत झाल्या. विद्यार्थ्याचे हे चित्र पूर्णपणे सुसंगत आहे. फक्त ते बेरजेचे चित्र नव्हे, दोन गटांच्या एकत्रीकरणाचे आहे. परीक्षेत ३ पैकी २ आणि ४ पैकी ३ गुण मिळाले तर एकूण ७ पैकी ५, असे आपणही म्हणतोच. म्हणून येथे नियम पुन्हा सांगण्यापेक्षा एक प्रश्न विचारणे अधिक उपयुक्त ठरते : अर्ध्या भाकरीत आणखी काही भाकरी घातली, तर येणारे उत्तर अर्ध्याहून कमी कसे? २/५ हे १/२ पेक्षा लहान आहे, हे विद्यार्थ्याला एकदा दिसले की विसंगती त्याची त्यालाच उमगते.

संज्ञेचाही येथे काहीसा दोष आहे. ‘अपूर्णांक’ म्हणजे जो पूर्ण नाही तो. साहजिकच ५/३ हा अपूर्णांक असू शकतो हे विद्यार्थ्याला पटत नाही. अंशाधिक आणि छेदाधिक अशी नावे देऊन पाठ्यपुस्तक वर्गीकरण करते, पण वर्गीकरणाने शंका मिटत नाही. वर्तुळाचे समान भाग करून त्यांतील काही रंगविणे हेच एकमेव चित्र वर्षानुवर्षे वापरले जाते. या चित्रात तीन भागांपैकी पाच भाग रंगवायचे कसे, या प्रश्नाला उत्तरच नाही.

भाषेतील भांडवल :

मराठी भाषक मूल शाळेत येते ते पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन हे शब्द घेऊनच. ‘पावणेदोन वाजले’, ‘सव्वा किलो कांदे’ हे त्याच्या कानावरून रोज जाते. या शब्दांत बरेच गणित सामावलेले आहे. सव्वा म्हणजे एक अधिक पाव. पावणेदोन म्हणजे दोन उणे पाव. पूर्ण संख्येत भाग मिळविणे आणि पूर्ण संख्येतून भाग वजा करणे, या दोन रीतींना भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) अनुक्रमे भागानुबंध व भागापवाह अशी नावे आहेत. म्हणजे जी रीत ग्रंथात शास्त्र म्हणून येते, तीच बाजारात शब्द म्हणून वावरते. ‘पावणेतीन’ म्हणणारा मुलगा १ पेक्षा मोठा अपूर्णांक निःशंकपणे उच्चारत असतो. त्याला अडचण येते ती ११/४ हे लेखन पाहून.

पूर्वीच्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करून घेतले जात. त्यांची आठवण काढताना स्मरणरंजन टाळलेले बरे. घोकंपट्टीचा भार आणि छडीचा धाक त्यांच्यासोबत होताच. परंतु एक गोष्ट मान्य करावी लागते : ‘पाऊण’ ही त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने एक संख्या होती, जिची पट करता येते, जी मोजता येते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे या व्यवस्थेने त्या पाढ्यांना आधार दिला होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली, वजनमापेही मेट्रिक झाली आणि पाढ्यांचे व्यावहारिक प्रयोजन संपले. पाढे गेले ते ठीकच. पण त्यांच्याबरोबर पाव-पाऊण हे शब्दही गणिताच्या तासातून जवळजवळ हद्दपार झाले, हे मात्र नुकसान होय.

ग्रामीण भागात या भांडवलाचे आणखी एक रूप दिसते. पिकाची पैसेवारी पन्नास पैशांहून कमी लागली, याचा अर्थ शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. प्रमाण उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी पीक आले, हे त्याला ठाऊक असते. रुपया हे पूर्ण, पैसे हे शतांश, असा हा अपूर्णांकच आहे. ज्या पालकाला ‘गणित येत नाही’ असे शाळा गृहीत धरते, तो हा हिशेब जाणतो.

अर्थात या परंपरेला मर्यादाही आहे. तिची सारी नावे निम्म्याचे निम्मे करीत मिळणाऱ्या भागांची आहेत. एक तृतीयांश, दोन पंचमांश यांना बोलीत असे सुटसुटीत शब्द नाहीत. शिवाय ‘तिसरा भाग’ म्हटल्यास क्रमाने तिसरा की तिघांपैकी एक, असा संभ्रम होतो. घरून आणलेले ज्ञान पाव-पाऊणपाशी थांबते, आणि नेमके तेथून पुढे शाळेचे काम सुरू होते.

वाटणी आणि मापन :

हे काम करण्यासाठी समान वाटणीचा मार्ग विशेष उपयुक्त आहे. तीन भाकरी चार मुलांत सारख्या वाटल्या तर प्रत्येकाला किती, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ३/४. येथे अंश व छेद या दोहोंनाही ठोस अर्थ मिळतो : वर भाकरी, खाली मुले. पाच भाकरी तीन मुलांत वाटल्यास प्रत्येकाला एकाहून अधिक मिळते. ५/३ मध्ये गूढ असे काही उरत नाही. ३/४ आणि ३/५ यांतील मोठा कोणता, हेही सहज उलगडते. भाकरी तेवढ्याच, खाणारे वाढले, वाटा घटला. नेदरलँड्समध्ये स्ट्रीफलंड यांनी या दिशेने महत्त्वाचे काम केले, तर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात वाटणीच्या अर्थाला मापनाच्या अर्थाची जोड देऊन अपूर्णांक शिकविण्यासंबंधी संशोधन झालेले आहे.

ही जोड आवश्यक आहे, कारण वर पाहिल्याप्रमाणे केवळ वाटणीच्या चित्राने बेरीज साधत नाही. उलट चूक पक्की होण्याचा धोका असतो. बेरजेसाठी एकच माप लागते. कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या घेऊन एकीचे दोन व दुसरीचे तीन भाग केले, तर अर्धा तुकडा आणि तृतीयांश तुकडा जोडून मिळणाऱ्या लांबीला नाव देता येत नाही. दोन्ही तुकडे नेमके मोजता येतील असा लहान तुकडा शोधावा लागतो, आणि तो सहावा हिस्सा निघतो. समच्छेद करणे म्हणजे हा शोध होय. तो हाताने एकदा केलेल्या विद्यार्थ्याला लघुतम साधारण विभाज्याची रीत नंतर सांगितली तर ती त्याला सोय वाटते.

भागाकार हा या प्रकरणातील सर्वांत दुर्बोध भाग. ‘दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा’ हा नियम शिक्षकालाही बहुधा कारणाशिवायच मिळालेला असतो. लिपिंग मा यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकन व चिनी प्राथमिक शिक्षकांना १ ३/४ ÷ १/२ हे उदाहरण सोडवून त्याला साजेशी गोष्ट रचण्यास सांगितले होते. २३ अमेरिकन शिक्षकांपैकी केवळ एकाला संकल्पनेच्या दृष्टीने योग्य गोष्ट रचता आली. बहुतेकांची गोष्ट प्रत्यक्षात ‘दोघांत वाटणे’ किंवा ‘निम्मे करणे’ अशी, म्हणजे दोनने भागण्याची होती. हेच उदाहरण मराठीत असे मांडता येते : पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या मापाने मोजले तर किती मापे भरतील? तीन मापे पूर्ण भरतात आणि पाव लिटर उरते. हे उरलेले दूध म्हणजे अर्धे माप, म्हणून उत्तर साडेतीन. येथेच विद्यार्थी चुकतो. उरलेल्या पाव लिटरला तो ‘पाव’च म्हणतो आणि सव्वातीन असे उत्तर देतो. पूर्ण कशाला मानले आहे, लिटरला की मापाला, हा प्रश्न वर्गात याच ठिकाणी, दूध किंवा पाणी समोर ठेवून चर्चिला गेला पाहिजे. त्यानंतर पावणेदोन म्हणजे सात पाव, अर्धा म्हणजे दोन पाव, आणि सातात दोन साडेतीन वेळा, अशी मांडणी केली की अपूर्णांकांचा भागाकार पूर्ण संख्यांच्या भागाकारावर येऊन ठेपतो. उलटा करून गुणण्याचा नियम हे त्याचेच आटोपशीर रूप आहे.

दशांश अपूर्णांक :

दशांश अपूर्णांकांबाबत एकच मुद्दा येथे पुरेसा आहे. ०.५ आणि ०.४५ यांत ०.४५ मोठा, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे, ही चूक बरीचशी वाचनातून येते. ‘पॉइंट पंचेचाळीस’ असे वाचणारा शिक्षक ती नकळत दृढ करतो; ‘शून्य दशांश चिन्ह चार पाच’ असे वाचन केल्यास चार दशांश व पाच शतांश ही स्थाने वेगळी राहतात. पाठ्यपुस्तकांतून रुपये-पैशांचा दाखला देण्याचा प्रघात आहे. तथापि पंचवीस पैसे व त्याहून कमी मूल्याची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली असून आजच्या विद्यार्थ्याने पैसा हाताळलेलाच नाही. शिंप्याची मीटर टेप, तिच्यावरील सेंटिमीटर व मिलिमीटर हे त्याच्या दृष्टीने अधिक खरे आहेत.

शिक्षक-प्रशिक्षणाच्या दृष्टीने :

अध्यापक विद्यालयांत येणारा प्रशिक्षणार्थी याच शाळांतून बारावीपर्यंत आलेला असतो. त्यामुळे नियम त्याला येतात, त्यांचे कारण येतेच असे नाही. त्याच्या मूल्यमापनात ३/४ ÷ १/२ सोडवा, एवढ्यावर न थांबता या भागाकाराला साजेसा व्यवहारातील प्रसंग रचा आणि १/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्या मुलाच्या मनातील चित्र कोणते असावे ते लिहा, असे प्रश्न घालता येतील. अशा प्रश्नांची उत्तरे मार्गदर्शकांत तयार मिळत नाहीत, आणि ती तपासण्यासाठी प्राध्यापकालाही प्रत्येक उत्तर वाचावे लागते. विद्यमान परीक्षा पद्धतीत त्यांना जागा न मिळण्याचे कारण बहुधा हेच असावे.