हवंसं वाटणंच हरवलं तर?

घरातल्या वयस्कर माणसांबद्दल कौतुकानं बोलली जाणारी काही ठरावीक वाक्यं असतात. ‘आता त्यांचा काही त्रास नाही बरं का, देऊ ते खातात.’ ‘हट्ट नाही, कटकट नाही, एका जागी बसून असतात बिचाऱ्या!’ हळदी-कुंकवाला, भिशीला, लग्नाच्या पंगतीत ही वाक्यं कानावर येतात आणि ‘नशीबवान आहेस गं’ म्हणून आपण मोकळ्या होतो. पण मैत्रिणींनो, जन्मभर एकेक वांगं पारखून घेणारी, साडीच्या काठावरून दुकानदाराशी तास तास वाद घालणारी बाई एकाएकी ‘काहीही चालेल’ म्हणायला लागली, तर ती विरक्त झाली असं समजून गप्प बसायचं का?

आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीत एक काकी आहेत, वय ७४. काका गेल्यावर काही महिने त्या खूप रडल्या. मग रडणंही थांबलं. संध्याकाळी गंगावेशीतल्या कट्ट्यावर जाऊन डोळ्यांदेखत धार काढलेलं दूध आणायचा त्यांचा शिरस्ता मोडला. करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेलं पुस्तक उशाशी तसंच पडून राहिलं. ‘रंकाळ्यावर चक्कर मारू या’ म्हटलं, की एकच उत्तर, ‘‘न्हाई गं, मी बसतो हितंच.’’ चेहऱ्यावर ना दुःख, ना राग. त्यांची सून मला एकदा म्हणाली, ‘‘वैनी, त्या रडल्या असत्या तर काय करायचं ते मला कळलं असतं. ह्ये काय कळंना झालंय.’’

याला डॉक्टरी भाषेत ‘अ‍ॅपथी’ म्हणतात. आपण अनास्था म्हणू. उतारवयातल्या डिप्रेशनमध्ये पुष्कळदा डोळ्यांतलं पाणी दिसतच नाही, दिसते ती ही अनास्था. आपल्या कपाळामागचा मेंदूचा भाग ठरवणं, सुरुवात करणं, एका कामातून दुसऱ्याकडे वळणं ही कामं पाहतो. वयानुसार त्याचा वेग मंदावतो, त्यात नैराश्याची भर पडली की ‘उठून चहा ठेवावा’ एवढा विचारसुद्धा कृतीपर्यंत पोचत नाही. हा आळसही नाही आणि वैराग्यही नाही. शिवाय अशा रुग्णांना नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण कमी येतो, असंही संशोधकांना आढळलं आहे.

मग मेंदूच्या त्या भागालाच व्यायाम दिला तर? न्यूयॉर्कमध्ये सारा शिझुको मोरिमोतो, जॉर्ज अलेक्सोपोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच करून पाहिलं. औषधांनी पुरेसा फरक न पडलेल्या ११ ज्येष्ठांना त्यांनी संगणकावरचे खास खेळ दिले. ४ आठवड्यांत त्यांचं नैराश्य जितकं उतरलं, तितकं उतरायला एका प्रचलित गोळीला १२ आठवडे लागले होते. ठरवण्याची, आखणी करण्याची क्षमताही सुधारली. २०१४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा खेळांची एक गंमत असते. जमू लागलं की खेळ अवघड होतो, अडलं की सोपा होतो. म्हणजे माणूस कंटाळतही नाही आणि हिरमुसतही नाही.

पण लगेच टॅब घ्यायला पळू नका! ११ ही संख्या अगदीच लहान. २००२ मध्ये अमेरिकेतल्या २,८३२ ज्येष्ठांवरच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ज्याचा सराव केला ते सुधारलं, पण दोन वर्षांत रोजच्या कामकाजात त्याचा फरक दिसला नाही. आणि २०१६ मध्ये ‘ल्युमोसिटी’ हे मेंदूच्या खेळांचं अ‍ॅप विकणाऱ्या कंपनीला फसव्या जाहिरातींबद्दल तिथल्या सरकारी यंत्रणेपुढे २० लाख डॉलर भरावे लागले. तेव्हा खेळ हा उपचाराला जोड म्हणून ठीक, पण उपचाराच्या जागी नको.

काकींच्या घरी तसंच झालं. आधी डॉक्टरांनी थायरॉइड, बी-१२, डोळे, कान सगळं तपासलं. कारण यातल्या कशानंही माणूस असा मिटून जातो. पार्किन्सन्स आणि स्मृतिभ्रंशाची सुरुवातही अशीच दिसू शकते. मग मानसोपचारतज्ज्ञांकडून गोळ्या सुरू झाल्या. सुटीला आलेल्या नातीनं टॅबवर चित्रांच्या जोड्या लावायचा खेळ आणला, तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, ‘‘चालेल, पण त्यांना एकटं बसवू नका.’’

पहिले चार दिवस ‘‘डोळं दुखत्यात’’ म्हणून काकींनी टॅब बाजूला सारला. नात रोज त्याच वेळी पंधरा मिनिटं शेजारी बसत राहिली. तिसऱ्या आठवड्यात तिला यायला उशीर झाला, तर काकींनीच हाक मारली, ‘‘आज खेळ न्हाई व्हय गं?’’ कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट! गोळ्यांचा गुण, खेळाचा, की नातीच्या सोबतीचा? सांगता येत नाही. काकी अजून रंकाळ्यावर येत नाहीत. पण आठवड्यातून दोनदा गंगावेशीत जातात आणि दूध पातळ आहे म्हणून भांडून येतात. सुनेला त्या भांडणाचा कोण आनंद!

आपल्या देशातल्या ज्येष्ठांच्या २०१७-१८ च्या ‘लासी’ पाहणीत साठीपुढच्या शंभरातल्या साधारण आठ जणांत तीव्र नैराश्याची लक्षणं आढळली. निदान झाल्याचं सांगणारे मात्र शंभरात एकही भरत नव्हते. हे बाकीचे सगळे आपल्याच घरात ‘काही त्रास नाही’ म्हणून बसलेले असतात.

तेव्हा दोन-तीन आठवडे कुणाचं मन कशातच लागत नसेल, तर ‘वयच झालं’ म्हणू नका. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. १४४१६ ही ‘टेलीमानस’ची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांना विचारून टॅबवरचा खेळ जरूर द्या, पण वेळ ठरलेली असू द्या आणि शेजारी कुणीतरी बसा. खेळानंतर एखादं खरं काम त्यांच्यावर सोपवा. दूध आणणं, लसूण सोलणं, नातवाचा अभ्यास घेणं, काहीही. ते चुकलं तर चुकू द्या.

आणि उद्या सकाळी ‘भाजी कुठली करू?’ असं त्यांना जरूर विचारा. ‘काहीही’ असं उत्तर आलं, तर दोन भाज्या पुढ्यात ठेवा आणि त्यांचा हात एकीकडे जाईपर्यंत थांबा.