माहितीगळती आणि दाद मागण्याची ठिकाणे

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यातल्या टेंभली या गावी 29 सप्टेंबर 2010 रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक वितरित झाले. बोटांचे ठसे, बुबुळांची प्रतिमा आणि बारा अंकी क्रमांक यांवरून माणसाची ओळख पटवणारी ही व्यवस्था तेथे सुरू झाली, तेव्हा ती माहिती परक्या हाती पडल्यास काय करावे हे सांगणारा आधार कायदाच अस्तित्वात नव्हता. तो 2016 साली आला, पण त्याखालील गुन्ह्याची तक्रार न्यायालयापुढे नेण्याचा अधिकार त्याने केवळ आधार प्राधिकरणाकडे ठेवला, म्हणजे ज्याचा ठसा चोरीस गेला त्यालाच फिर्यादी होता येत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात ही उणीव दाखवली आणि 2019 च्या दुरुस्तीने काही गुन्ह्यांपुरती ती दूर झाली.

माहितीगळती म्हणजे सांभाळण्यासाठी सोपवलेली वैयक्तिक माहिती हयगयीमुळे किंवा चोरीमुळे बाहेर जाणे. या गळतीतून खात्यातील पैसे गेले असतील, तर कायद्याच्या कलमांपेक्षा दिवसांची मोजणी महत्त्वाची ठरते. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने घालून दिलेल्या नियमानुसार, दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून व्यवस्थेत अन्यत्र असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने कळवले असेल, तर नुकसानीचा भार त्याच्यावर पडत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत तो मर्यादित राहतो आणि त्यानंतर बँकेच्या धोरणावर अवलंबून असतो. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांवर, जेथे मोबाइलची रेंजच बेभरवशाची आहे, तेथे ही मुदत फारच तोकडी आहे. म्हणून 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवणे, बँकेलाही लेखी कळवून पोच घेणे आणि आधारचे ठसे 1947 या क्रमांकावर माहिती घेऊन कुलूपबंद करणे, ही कामे वकील शोधण्याच्या आधीची आहेत.

भरपाईचा मार्ग माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 मधील कलम 43अ दाखवते. संवेदनशील माहिती राखण्यात कंपनीने हयगय केली आणि त्यातून नुकसान झाले, तर पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, चालतो. याच अधिकाऱ्यांनी 2013 मध्ये पुण्याच्या एका उद्योगाच्या तक्रारीवरून पंजाब नॅशनल बँकेला 45 लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता, यावरून ही तरतूद कागदी नव्हे हे दिसते. तरीही हे कलम व्यावसायिक संस्थांपुरतेच आहे. सरकारी कार्यालयातून यादी बाहेर पडली तर त्याचा उपयोग नाही आणि मग 2017 साली मूलभूत हक्क ठरलेल्या खासगीपणाच्या आधारे उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठात रिट याचिकाच करावी लागते.

याहून गंभीर बाब अशी की हे कलम आता निरोपाच्या वाटेवर आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 चे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे 2027 च्या मे महिन्यात, मुख्य तरतुदींबरोबर कलम 43अ वगळण्याची तरतूदही अंमलात यायची आहे. नव्या कायद्याने गळतीची सूचना प्रत्येक बाधित व्यक्तीला देणे बंधनकारक केले आहे आणि सुरक्षेतील कसुरीसाठी 250 कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे, परंतु तो दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती गेली, त्याला त्यातला रुपयाही मिळत नाही. माहिती ज्याची, भरपाईही त्याचीच, हे साधे तत्त्व कायदेमंडळाने येथे सोडून दिले.

तोवर आणि त्यानंतरही सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार कंपनीचे कार्यालय मुंबईत असो वा बंगळुरूत, तक्रार ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. तिची मुदत मात्र दोन वर्षांची आहे. वकिलाच्या खर्चासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची असलेल्या नंदुरबारात हे विशेष लक्षात ठेवावे की अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला या मोफत साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही.